मॅनेजमेंट स्टुडिओत चालणारी प्रोसीजर ॲपमधून बोलावली की एरर का देते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ॲप सी शार्पमध्ये, मागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. पगाराची नोंद करणारी प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला, नावाने बोलावायचा कोड) मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे एसक्यूएल सर्व्हर हाताळायच्या टूलमध्ये, हाताने चालवली की बिनबोभाट चालते. तीच ॲपमधून बोलावली की २०१ नंबरची एरर येते: प्रोसीजरला ‘@कर्मचारीआयडी’ हा पॅरामीटर हवा होता, तो मिळाला नाही. डीबगरमध्ये तर त्या पॅरामीटरची व्हॅल्यू स्पष्ट दिसते आहे. शिवाय महिनाअखेरीला याच ॲपमध्ये टाइमआउट येतात, आणि तेव्हाही हाताने चालवलेली प्रोसीजर दोन-तीन सेकंदांत संपते. मग चूक कोडची म्हणायची की प्रोसीजरची?

आधी एक गृहीतक बाजूला ठेवा. तुम्ही हाताने केलेला कॉल आणि ॲपने केलेला कॉल हा एकच कॉल आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तसं नसतं. लॉगिन वेगळं असतं, सेशनची सेटिंग्ज वेगळी असतात, पॅरामीटरचे टाइप वेगळे असू शकतात, आणि पुष्कळदा सर्व्हरपर्यंत पोचलेलं वाक्यच वेगळं असतं. म्हणून कोडकडे टक लावून बघण्यात वेळ घालवू नका. सर्व्हरला नेमकं काय मिळालं ते सर्व्हरलाच विचारा. माझ्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त वेळ वाचवणारी सवय हीच आहे, आणि सर्वांत कमी लोक ती लावून घेतात.

त्यासाठी टेस्ट सर्व्हरवर एक्स्टेंडेड इव्हेंट्सचं, म्हणजे सर्व्हरवर काय घडतं ते टिपणाऱ्या सोयीचं, छोटं सेशन उघडा. ‘आरपीसी कम्प्लिटेड’ आणि ‘एसक्यूएल बॅच कम्प्लिटेड’ हे दोन इव्हेंट पुरेत, सोबत ‘एरर रिपोर्टेड’ घेतला तर उत्तमच. फिल्टर ॲपच्या लॉगिनवर लावा, नाहीतर सगळ्यांचे कॉल एकत्र येतील आणि काही कळणार नाही. जुना प्रोफायलर सवयीचा असेल तर टेस्टवर तोही चालेल, प्रॉडक्शनवर, म्हणजे खऱ्या वापरातल्या सर्व्हरवर, मात्र नको. आता ॲपमधून एकदा प्रोसीजर बोलवा आणि काय आलं ते बघा.

तुमच्या बाबतीत साधारण अशी ओळ दिसेल असा माझा अंदाज आहे:

एक्झेक एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल एन‘डीबीओ.पगारनोंद’, एन‘@कर्मचारीआयडी इंट, @महिना इंट’, @कर्मचारीआयडी=१०४२, @महिना=३

ही ओळ नीट वाचा. व्हॅल्यू सर्व्हरपर्यंत पोचली आहे, १०४२ तिथे दिसतो आहे. पण जे वाक्य चालवायचं आहे ते नुसतं ‘डीबीओ.पगारनोंद’ आहे, त्याच्यापुढे काहीच नाही. म्हणजे सर्व्हरने दोन व्हेरिएबल तयार केले, त्यांत व्हॅल्यू भरल्या, आणि मग प्रोसीजर एकही पॅरामीटर न देता चालवली. त्यामुळे प्रोसीजर ‘मला पॅरामीटर मिळाला नाही’ म्हणते ते खरं आहे, आणि डीबगर ‘मी पाठवला’ म्हणतो तेही खरं आहे. असं होतं ते कमांडचा ‘कमांड टाइप’ बदलायचा राहिल्यामुळे. तो सांगितला नाही तर ‘टेक्स्ट’ धरला जातो. तो ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ करा, ट्रेस, म्हणजे वर टिपलेली नोंद, पुन्हा बघा. आता एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल नाहीसं होऊन थेट ‘एक्झेक डीबीओ.पगारनोंद @कर्मचारीआयडी=१०४२, @महिना=३’ दिसायला हवं.

तसं दिसत नसेल आणि त्याऐवजी ‘@कर्मचारीआयडी=डिफॉल्ट’ दिसत असेल, तर कारण दुसरं आहे. सी शार्पमधला नल (‘व्हॅल्यूच नाही’ ही खूण) आणि डेटाबेसमधला नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅरामीटरच्या व्हॅल्यूत सी शार्पचा नल ठेवला की ड्रायव्हर (ॲप आणि सर्व्हर यांच्यामधला दुवा) त्याचा अर्थ ‘व्हॅल्यू दिलेली नाही, डिफॉल्ट असेल तर तो घ्या’ असा लावतो. प्रोसीजरमध्ये डिफॉल्ट नसेल तर २०१ येते. डेटाबेसचा नल पाठवायचा असेल तर ‘डीबीनल डॉट व्हॅल्यू’ द्यावी लागते. नलेबल इंट रिकामा असला तरी हेच घडतं, आणि फॉर्मवरचा एखादा ऐच्छिक रकाना कुणी रिकामा सोडेपर्यंत ते लक्षात येत नाही.

इथे जरा थांबतो, कारण एरर येणारी बाजू यात सुखाची आहे. समजा प्रोसीजरमध्ये ‘@महिना इंट = नल’ असं लिहिलंय आणि आत ‘महिना नल असेल तर सगळे महिने’ असा नियम आहे. कोडमधल्या गफलतीने महिना नल गेला तर काहीच एरर येणार नाही. एका महिन्याऐवजी सगळ्या महिन्यांवर काम होईल. पगारासारख्या विषयात याची किंमत काय ते सांगायला नको. ज्या पॅरामीटरवाचून काम चुकीचं होऊ शकतं त्याला डिफॉल्ट देऊच नका. तिथे २०१ आलेली परवडते.

अजून एक शक्यता. ट्रेसमधला कॉल अगदी बरोबर आहे आणि तरी २०१ येते आहे. अशा वेळी एरर मेसेजमधलं प्रोसीजरचं नाव अक्षर न् अक्षर वाचा. तुमच्या प्रोसीजरने आतून दुसरी प्रोसीजर बोलावली असेल आणि त्या दुसरीत कुणीतरी नवा पॅरामीटर वाढवला असेल, तर तक्रार तिची असते. एसक्यूएल एक्सेप्शनमध्ये ‘प्रोसीजर’ आणि ‘लाइन नंबर’ या दोन्ही गोष्टी मिळतात. लॉगमध्ये फक्त मेसेज लिहिणाऱ्या ॲपमध्ये त्या हरवतात. एक्सेप्शनमधलं ‘एरर्स’ कलेक्शन पूर्ण लिहा: नंबर, क्लास, स्टेट, प्रोसीजर, लाइन. एका एक्सेप्शनमध्ये अनेक एरर असू शकतात आणि खरं कारण कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावर असतं. लाइन नंबर मोजताना क्रिएट प्रोसीजरच्या वर, त्याच बॅचमध्ये लिहिलेल्या कॉमेंटच्या ओळीही धरल्या जातात, तेव्हा ‘त्या ओळीवर तर काहीच नाही’ असं वाटलं तर सर्व्हरवरचा मजकूर काढून त्यात मोजा.

बाकीच्या नेहमीच्या नंबरांचं फार नवल नाही. ८१४४ म्हणजे पॅरामीटर जास्त झाले. लूपमध्ये तीच कमांड वापरताना जुने पॅरामीटर काढले नाहीत की हमखास येते. ८१४५ म्हणजे त्या नावाचा पॅरामीटरच नाही. स्पेलिंग, किंवा केस सेन्सिटिव्ह कोलेशन (अक्षरं जुळवायचे सर्व्हरचे नियम) असेल तर लहान-मोठी अक्षरं. २८१२ म्हणजे प्रोसीजरच सापडली नाही. इथे आधी कनेक्शन स्ट्रिंगमधला (ॲपने कुठे जोडायचं ते सांगणाऱ्या ओळीतला) डेटाबेस बघा, मग स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधला ज्या गटात प्रोसीजर ठेवलेली असते तो गट. नावाआधी स्कीमा लिहिली नसेल तर सर्व्हर आधी त्या लॉगिनच्या डिफॉल्ट स्कीमात शोधतो आणि मग डीबीओ या नेहमीच्या स्कीमात. तुमचं लॉगिन आणि ॲपचं लॉगिन यांची डिफॉल्ट स्कीमा वेगळी असेल तर एकच नाव दोघांना दोन वेगळ्या ठिकाणी नेतं. नेहमी स्कीमासकट नाव लिहा. आणि कमांड टाइप ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ असताना मजकुरात ‘एक्झेक डीबीओ.पगारनोंद @कर्मचारीआयडी’ असं पूर्ण वाक्य लिहू नका, कारण मग सर्व्हर त्या सबंध वाक्याच्या नावाची प्रोसीजर शोधतो.

२२९, म्हणजे परवानगी नाही, ही एरर मात्र कधी कधी बुचकळ्यात टाकते. प्रोसीजरवर एक्झिक्यूटची परवानगी दिलेली असते, तरी आतल्या टेबलवर सिलेक्ट नाकारलं जातं. एरवी प्रोसीजर आणि टेबल यांचा मालक एकच असला की टेबलवर वेगळी परवानगी लागत नाही. पण आत डायनॅमिक एसक्यूएल, म्हणजे चालवतानाच जुळवलेलं वाक्य, असेल तर मालकीची ती साखळी तुटते आणि टेबलची परवानगी स्वतंत्रपणे तपासली जाते. तुम्ही हाताने चालवता तेव्हा बहुधा ॲडमिन असता, म्हणून तुम्हाला हे कधीच दिसत नाही. ‘एक्झिक्यूट ॲज यूझर’ लावून ॲपच्या यूझरच्या नावाने चालवून बघा, काम झालं की ‘रिव्हर्ट’ करा.

आता आउटपुट पॅरामीटर. स्ट्रिंगचा आउटपुट पॅरामीटर असेल आणि ‘साइझ’ दिला नसेल, तर साइझ शून्य आहे अशी तक्रार ड्रायव्हरच करतो, कॉल सर्व्हरपर्यंत जातच नाही. ट्रेसमध्ये काहीच न दिसणं हा इथला पुरावा. आणि रिझल्ट ओळीओळीने वाचणारा रीडर वापरत असाल तर तो बंद केल्याशिवाय आउटपुट पॅरामीटर आणि रिटर्न व्हॅल्यू वाचू नका. त्या सर्व्हरकडून सगळे रिझल्ट संपल्यावर, अगदी शेवटी येतात.

याच क्रमाचा दुसरा परिणाम जास्त घातक आहे. प्रोसीजर आधी एक सिलेक्ट करते आणि नंतर पुढच्या ओळीवर तिला एरर येते, असं समजा. तुमचा रीडर पहिला रिझल्ट वाचून थांबला तर ती एरर तुमच्यापर्यंत पोचतच नाही. ‘नेक्स्ट रिझल्ट’ मागितला की मग एक्सेप्शन येतं. जावात जेडीबीसीमध्येही (जावाचा डेटाबेसशी बोलायचा मार्ग) हेच. तिथे ‘गेट मोअर रिझल्ट्स’ शेवटपर्यंत फिरवावं लागतं. कोड म्हणतो काम झालं, आणि नोंद मात्र टेबलमध्ये नसते. म्हणून रिझल्ट कितीही असोत, शेवटपर्यंत वाचा. प्रोसीजरच्या पहिल्या ओळीवर ‘सेट नोकाउंट ऑन’ ठेवा, म्हणजे मधल्या इन्सर्ट-अपडेटचे आकडे रिझल्टच्या वाटेत येत नाहीत. मात्र त्यानंतर ‘एक्झिक्यूट नॉनक्वेरी’ उणे एक परत देतं, तेव्हा त्या आकड्यावर यशापयश ठरवणारा कोड असेल तर आधी तो बदला.

प्रोसीजरच्या आतलं ट्राय-कॅचही, म्हणजे एरर पकडणारा भागही, बघून घ्या. कॅचमध्ये ‘रेझएरर’ने नुसता मजकूर पुढे पाठवला की मूळ नंबर जातो आणि ॲपला ५०००० दिसतो. म्हणजे १२०५, डेडलॉक (दोन कॉल एकमेकांच्या लॉकमध्ये अडकणं), जो पुन्हा प्रयत्न करून सहज सुटला असता, तो ॲपला ओळखूच येत नाही. सिव्हेरिटी १० किंवा त्याहून कमी दिली असेल तर एक्सेप्शन येतच नाही, ती फक्त माहिती म्हणून जाते. २०१२च्या आवृत्तीपासून ‘थ्रो’ आहे, तोच वापरा. कॅचमध्ये नुसता ‘थ्रो’ लिहिला की मूळ एरर जशीच्या तशी बाहेर येते. त्याच्या आधीच्या वाक्यानंतर अर्धविराम हवा एवढं लक्षात ठेवा.

ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र पक्कं किंवा एकत्र रद्द होणारं काम) ॲपने उघडलं असेल आणि प्रोसीजरने आत रोलबॅक, म्हणजे रद्द, केलं, तर २६६ येते: आत जाताना आणि बाहेर येताना ट्रान्झॅक्शनची संख्या जुळत नाही. मग ॲप कमिट, म्हणजे पक्कं, करायला जातं आणि ट्रान्झॅक्शन आधीच संपल्याचं उत्तर मिळतं. ट्रान्झॅक्शन कुणी उघडायचं आणि कुणी मिटवायचं हे एकाच ठिकाणी ठरवा, दोन्हीकडे नको.

आता टाइमआउटकडे येतो, कारण तुमचा खरा त्रास तिथे आहे.

पहिली गोष्ट, टाइमआउट तीन प्रकारचे असतात आणि मेसेज बरेचसे सारखे दिसतात. कनेक्शन उघडायला लागलेला वेळ, याची मर्यादा डिफॉल्ट १५ सेकंद. पूलमधून, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यातून, कनेक्शन न मिळणं. पूलची कमाल मर्यादा डिफॉल्ट १०० असते, आणि कुठेतरी कनेक्शन बंद करायची राहत असली की ती भरते. आणि तिसरा, कमांडचा, डिफॉल्ट ३० सेकंद. पुष्कळ जण कनेक्शन स्ट्रिंगमधला ‘कनेक्ट टाइमआउट’ वाढवतात आणि काही फरक पडला नाही म्हणतात. तो पहिल्या प्रकाराचा आहे. तुमचा नंबर उणे दोन असेल आणि मेसेजमध्ये ‘एक्झिक्यूशन टाइमआउट’ असेल तर तो कमांडचा.

ही मर्यादा ॲपची आहे, सर्व्हरची नाही. ३० सेकंद झाले की ड्रायव्हर सर्व्हरला ‘थांब’ असा निरोप पाठवतो. मॅनेजमेंट स्टुडिओत अशी मर्यादा डिफॉल्ट नसतेच. आणि हा निरोप गेल्यावर प्रोसीजरमधलं कॅच चालत नाही. त्यामुळे प्रोसीजरने ट्रान्झॅक्शन उघडलेलं असेल आणि ‘सेट एक्सॅक्ट अबॉर्ट ऑन’ (अशा वेळी ट्रान्झॅक्शन आपोआप रद्द करणारं सेटिंग) नसेल, तर ते ट्रान्झॅक्शन उघडंच राहतं, लॉकसकट. कनेक्शन पूलमध्ये परत जातं आणि पुन्हा कुणी ते वापरायला घेईपर्यंत तसंच पडून राहतं. मग बाकीचे कॉल त्या लॉकमागे अडकतात, त्यांनाही टाइमआउट येतात, आणि महिनाअखेरीच्या गर्दीत हा गुंता वाढत जातो. लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोसीजरमध्ये ‘एक्सॅक्ट अबॉर्ट ऑन’ असायलाच हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तेव्हा टाइमआउट येत असतानाच ‘सिस.डीएम_एक्झेक_रिक्वेस्ट्स’ ही सध्या चालू असलेल्या कॉलची यादी बघा. ब्लॉकिंग सेशनच्या रकान्यात शून्याशिवाय आकडा असेल तर तुमची प्रोसीजर हळू नाही, ती रांगेत उभी आहे. ज्याने अडवलंय त्याचा माग काढा.

तिथे शून्यच असेल तर प्लॅन, म्हणजे क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरने ठरवलेला मार्ग, बघायचा. ‘ॲपमध्ये हळू, हाताने झटपट’ याचं नेहमीचं कारण हे: मॅनेजमेंट स्टुडिओ ‘अरिथअबॉर्ट’ हे सेशनचं सेटिंग ऑन ठेवतो, डॉटनेटचा ड्रायव्हर ते ऑफ ठेवतो. सेटिंग वेगळं म्हणून सर्व्हर एकाच प्रोसीजरचे दोन वेगळे प्लॅन कॅशमध्ये ठेवतो. ॲपचा प्लॅन ज्या पहिल्या पॅरामीटरसाठी तयार झाला तो पाच माणसांच्या विभागाचा असेल, तर तोच प्लॅन पाच हजार माणसांच्या विभागालाही वापरला जातो आणि रखडतो. तुम्ही हाताने चालवता तेव्हा तुमच्यासाठी ताजा, वेगळा प्लॅन बनतो. खात्री करायची असेल तर मॅनेजमेंट स्टुडिओत आधी ‘सेट अरिथअबॉर्ट ऑफ’ चालवा आणि मग ट्रेसमधला कॉल जसाच्या तसा, त्याच व्हॅल्यूंनी चालवा. आता तुमच्याकडेही हळू चालली तर निदान पक्कं झालं. पण मग ॲपमध्ये अरिथअबॉर्ट ऑन करून सुटका मानू नका. त्याने फक्त नवा प्लॅन बनतो, आणि पुढे कधीतरी तोही तसाच बिघडेल. त्या रखडणाऱ्या क्वेरीला ‘ऑप्शन रीकंपाइल’ (दर वेळी नवा प्लॅन) लावा किंवा तिचा इंडेक्स सुधारा. तातडीने वाट मोकळी करायची असेल तर ‘एसपी_रीकंपाइल’. कमांड टाइमआउट शून्य, म्हणजे अमर्याद, करणं हा उपाय कुणी सुचवला तरी कृपा करून करू नका. त्याने एरर जाते, अडलेली कनेक्शनं तशीच साठत राहतात.

मराठी नावं भरणाऱ्या ॲपसाठी एक वेगळा इशारा, कारण इथे एरर येत नाही आणि डेटा खराब होतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपण चार अक्षरांचं म्हणतो. युनिकोडच्या हिशेबात ते दहा आहे: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. प्रोसीजरचा पॅरामीटर एनव्हारचार ५ (युनिकोड मजकूर, लांबी पाच) असेल तर सर्व्हर एक शब्दही न बोलता आत ‘ज्ञान’ ठेवतो. कॉलममध्ये मावत नसेल तर एरर येते, ८१५२ किंवा २०१९च्या आवृत्तीपासून २६२८, आणि ही दुसरी तर टेबल, कॉलम आणि तुटलेली व्हॅल्यूही सांगते. पण पॅरामीटरमध्ये मावत नसेल तर गुपचूप तुटतं. नुसतं ‘@नाव एनव्हारचार’ लिहून लांबी द्यायची राहिली तर लांबी एक धरली जाते आणि नावाचा फक्त ‘ज’ उरतो. कॉलमची लांबी वाढवली की प्रत्येक प्रोसीजरमधली पॅरामीटरची लांबीही वाढवा, आणि कोडमध्ये ‘साइझ’ दिला असेल तर तोही; तिथेही तितकंच गुपचूप कापलं जातं. पॅरामीटर एनशिवाय, नुसता व्हारचार असेल तर देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, कारण एसक्यूएल सर्व्हरमध्ये देवनागरीसाठी जुनं कोड पेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) नाहीच. २०१९पासून यूटीएफ-८ कोलेशन आहे, त्यात व्हारचार चालतो, पण लांबी बाइटमध्ये मोजली जाते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे ‘ज्ञानेश्वर’ला तीस.

दुसऱ्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांसाठी थोडं. ओरॅकलमध्ये ‘एक्झेक’ ही एसक्यूएल प्लस या ओरॅकलच्या टूलची आज्ञा आहे; ॲपमधून ती पाठवली की ओरा-००९०० येते, तिथे ‘बिगिन … एंड;’ किंवा कॉलची पद्धत वापरा. ओरॅकलच्या डॉटनेट ड्रायव्हरमध्ये ‘बाइंड बाय नेम’ डिफॉल्ट बंद असतं, त्यामुळे पॅरामीटर नावाने नाही, क्रमाने जोडले जातात. टाइप जुळले नाहीत तर पीएलएस-००३०६ येते, आणि जुळले तर व्हॅल्यूंची अदलाबदल होऊन काम ‘यशस्वी’ होतं. ते चालू करूनच पुढे जा. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवल्यावर १४४९ आली तर प्रोसीजर ज्याच्या नावाने लिहिली तो डिफायनर यूझर नव्या सर्व्हरवर नाही. पीएचपीतून एका कॉलनंतरची पुढची क्वेरी २०१४ देत असेल तर कॉलचे उरलेले रिझल्ट आधी वाचून संपवा. पोस्टग्रेसमध्ये खऱ्या प्रोसीजर ११व्या आवृत्तीपासून आल्या, त्याआधी सगळी फंक्शनं होती. म्हणून तिथे आधी बघायचं ते हे की समोर फंक्शन आहे की प्रोसीजर: फंक्शनला सिलेक्ट, प्रोसीजरला कॉल. एनपीजीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या डॉटनेट ड्रायव्हरच्या ७.० आवृत्तीपासून ‘स्टोअर्ड प्रोसीजर’ हा कमांड टाइप कॉल पाठवतो, आधी तो फंक्शन समजून सिलेक्ट पाठवत असे. त्यामुळे फक्त पॅकेज अपडेट केलं आणि कालपर्यंत चालणारे सगळे कॉल पडले, असं झालं असेल तर फंक्शनचे कॉल साध्या सिलेक्टने लिहा.